हाती असणं वेगळं, मालक असणं वेगळं
(जळगाव जामोद तालुक्यातल्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आज आम्ही एका शब्दावर बोलणार आहोत. विश्वस्त. कोर्टाच्या कागदात येतो म्हणून तो अवघड वाटतो. पण समजा, शेजारी कामाला बाहेरगावी गेला आणि बकऱ्या आपल्याकडे ठेवून गेला. आपण चारतो, राखतो, तो आला की मोजून देतो. मधात एक बकरी विकून पैसे खिशात घातले, तर गाव काय म्हणंल? बकऱ्या आपल्या हाती होत्या, पण आपण मालक नव्हतो. यालेच विश्वस्त म्हणतात.

देवस्थानांसाठी, संस्थांसाठी १९५० चा विश्वस्त कायदा आहे. त्याचं कलम ३६ सांगतं, ट्रस्टची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्ताची आधी परवानगी लागते. कलम ५० सांगतं, ज्यांचा त्या ट्रस्टशी संबंध आहे अशी दोन माणसंसुद्धा आयुक्ताची परवानगी घेऊन कोर्टात जाऊ शकतात. हिशोब मागू शकतात, विश्वस्ताला काढा म्हणू शकतात. दोन माणसं! आणि आपण इथं किती बसलो आहोत?

आता जंगलाकडे येऊ. नाक्यावर आपल्याला ऐकवतात, "जंगल सरकारचं आहे." यावर सुप्रीम कोर्ट काय म्हणालं ते ऐका. हिमाचलमध्ये मनालीजवळ ब्यास नदी आहे. तिच्या काठची जंगलजमीन सरकारनं एका हॉटेल कंपनीला भाड्यानं दिली. त्या कंपनीशी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कमलनाथ यांच्या घरच्यांचा संबंध होता. कंपनीनं तर मशिनी लावून नदीचा प्रवाहच वळवला. १३ डिसेंबर १९९६ ला कोर्टानं तो भाडेपट्टा रद्द केला. सांगितलं की नदी, जंगल, किनारा यांचं सरकार विश्वस्त आहे, लाभ जनतेचा आहे, सरकारनं ते खाजगी माणसाच्या घशात घालू नये. २००९ मध्ये गोव्यात दोनापावलाजवळ एका हॉटेलनं समुद्रावर जायची लोकांची वाट अडवली होती, तिथंही कोर्टानं हाच आधार घेतला.

पण आम्ही तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. या निकालानं कोणाला पट्टा मिळत नाही. उलट "आम्ही राखणदार" असं म्हणूनच आपल्याला हुसकावलं गेलं आहे. जनता म्हणताना साहेबलोक आपल्याला मोजतच नाहीत. म्हणून निकालासोबत २००६ चा वनहक्क कायदा हातात धरायचा. आपला बुलढाणा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळं पेसा इथं लागू नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. अंबाबरवा अभयारण्यातही आहे. आधी हक्क मान्य करा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या, त्याशिवाय अभयारण्यातूनही कोणाला हलवता येत नाही.

आणि आता जे बोलायचं ते थोडं कडू आहे. सामूहिक हक्क मिळाला की ग्रामसभा जंगल राखायला कमिटी नेमते. मग विश्वस्त कोण झालं? आपणच. एका गावात आम्ही गेलो होतो. डिंकाच्या पैशाचं पासबुक अध्यक्षाच्या घरी पेटीत होतं. विचारलं तर म्हणे, "माह्यावर भरोसा नाही का?" भरोसा आहे, दादा. पण हेच वाक्य आपण फॉरेस्टवाल्याकडून ऐकतो तेव्हा आपल्याला राग येतो. त्या माणसानं पैसा खाल्ला असं आम्ही म्हणत नाही. त्यालाही हिशोब लिहायला कोणी शिकवलं नव्हतं. पण म्हाताऱ्या बायांनी धावड्याला चिरा देऊन जमवलेला तो डिंक होता. किती विकला, काय भावानं विकला, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

२०१२ च्या सुधारित नियमात लिहिलं आहे की विक्रीच्या पैशाचा वापर आणि वाहतूक परवाना, कमिटीच्या या निर्णयांना ग्रामसभेची मंजुरी लागते. ग्रामसभेला अर्धे सभासद पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. चार माणसांनी ओट्यावर बसून सह्या केल्या, तर ती ग्रामसभा नाही.

तर येत्या ग्रामसभेत पासबुक आणा. शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीला उभं करा आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लावा. मधात कोणी "राहू दे" म्हणलं, तरी तिला थांबवू नका.