दिसलं ते लिहा, वेळेसकट

10 मार्च 1977 रोजी युरेनस एका अंधुक ताऱ्यावरून जाणार होता. ग्रहाआड तारा असा झाकला जाणं म्हणजे पिधान. ते टिपायला अमेरिकी शास्त्रज्ञ विमानात दुर्बीण घेऊन हिंदी महासागरावर गेले होते. तमिळनाडूत कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीशी सज्ज होते. ग्रह ताऱ्याजवळ पोचण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला. विमानातल्या नोंदीत ग्रह पुढे सरकल्यावरही तो पुन्हा तसाच मंदावलेला आढळला. दोन्ही बाजूंच्या वेळा ताडून पाहिल्या, तर त्या ग्रहापासून सारख्याच अंतरावर पडत होत्या. युरेनसभोवती कडी आहेत, हे असं कळलं. तोवर कोणत्याही दुर्बिणीतून ती कुणाला दिसली नव्हती. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की आकाशात काही पाहिलंत तर त्याची वेळ, जागा आणि साधन लिहून ठेवा. त्यांच्यावाचून निरीक्षण कितीही सुंदर असलं, तरी दुसऱ्याला त्याचा हिशेब करता येत नाही.

आता यंत्रंच सगळं आकाश रोज चाळतात, मग आमच्या वहीचं काय काम, असं कुणीही विचारील. शंका रास्त आहे. नवे धूमकेतू आज बहुतेक यंत्रांनाच सापडतात. पण अंधुक तारे शोधण्यासाठी बांधलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांना डोळ्यांना दिसणारा तेजस्वी तारा मोजणं जड जातं. शिवाय अशा मोठ्या दुर्बिणी जिथे आहेत त्या चिलीत दिवस असताना रात्र आपल्याकडे असते. उदाहरणार्थ, उत्तर मुकुट तारकासमूहातला एक तारा एरवी तेजाच्या मोजमापात दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा. 1866 आणि 1946 मध्ये तो भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचला. मधलं अंतर ऐंशी वर्षांचं, म्हणूनच गेली काही वर्षं त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. असा अचानक भडकणारा तारा, म्हणजे नवतारा, काही तासांतच उजळतो. तेव्हा ‘रात्री साडेआठला पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते, हा दिसला नाही’ ही नोंदही मोलाची, कारण स्फोट कधी सुरू झाला याची एक बाजू त्याने पक्की होते. मात्र पावसाळ्यात ढग असतील तर ‘ढग’ असंच लिहा. ‘दिसला नाही’ आणि ‘पाहता आलं नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

डोळ्याचा अंदाज चुकतो, हा दुसरा आक्षेप. चुकतो खराच, म्हणून तर तुलना करायची. प्रत माहीत असलेले दोन तारे निवडा, एक किंचित तेजस्वी, दुसरा किंचित मंद, आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवा. निवडलेले तारेही लिहा, म्हणजे त्यांची प्रत पुढे सुधारली तर तुमची नोंदही सुधारता येईल. धूमकेतूचा प्रकाश पसरलेला असतो, म्हणून तुलनेचे तारे दुर्बिणीत मुद्दाम अस्पष्ट करून ताडतात, आणि त्यासाठी शक्यतो लहान, कमी वर्धनाची द्विनेत्रीच बरी. पिधानात मात्र सेकंदाचाही अंश महत्त्वाचा. रेडिओची वेळ लावून घ्यायची जुनी सवय इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू पडत नाही, कारण तिथे आवाज काही सेकंद उशिरा येतो. उपग्रहाशी जुळवलेलं घड्याळच वापरा. लघुग्रहामुळे ताऱ्याचं पिधान होत असेल तर एका माणसाची वेळ ही त्या खडकावरची एकच रेघ. चार गावांतून चार रेघा मिळाल्या, की त्याचा आकार उमटू लागतो. 2017 मध्ये अर्जेंटिनात ओळीने मांडलेल्या दुर्बिणींनी अ‍ॅरोकॉथ या दूरच्या पिंडाचा दुहेरी आकार असाच सुचवला, आणि 2019 च्या पहिल्या दिवशी न्यू होरायझन्स यानाने तो जवळून पाहिला.

शहराच्या उजेडात हे जमायचं कसं, असंही वाटेल. अंधुक धूमकेतू तिथून दिसणार नाहीत, हे मान्य. पण तेजस्वी ताऱ्याचं चंद्राआड जाणं गच्चीवरूनही टिपता येतं. सुरुवातीला जाणत्यांची सोबत हवी असेल, तर पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा: आपला आकडा वहीत उतरल्याशिवाय दुसऱ्यांचे आकडे किंवा भाकितं पाहू नका, आणि पाहिल्यावर आपला आकडा बदलू नका.