लेकरू रातपाळी करून आलंय

आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी बोलायला बसलोय. एकीचं वाक्य दुसरीनं पुरं करायची आमची जुनी सवय आहे, त्यामुळं यातली थोरली कोण आणि धाकटी कोण हे शोधत बसू नका. जे झालं ते दोघींच्या हातून झालं, म्हणून सांगतोयही दोघी मिळून.

परदेशातली लेकरं सुट्टीला घरी येतात तेव्हा त्यांच्या झोपेचा आणि भुकेचा मोठा घोळ होतो. त्याला 'जेट लॅग' म्हणतात. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? पण आता गावोगावी कुणाची लेक, कुणाचा पुतण्या बाहेरदेशी आहे. आमच्या घरी हे घडलं तेव्हा आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्यापायी आम्ही आमच्याच लेकीला दुखावलं. त्याहून मोठं संकट तर थोडक्यात टळलं. तेच सांगायचंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशात. लेक न्यू जर्सीला असते. जन्म दिला थोरलीनं आणि न्हाऊमाखू घातलं धाकटीनं, त्यामुळं ती दोघींचीच. जुलै महिन्यात ती चार वर्षांनी घरी आली. सात वर्षांची नात आणि अडीच वर्षांचा नातू बरोबर. जावयांना रजा मिळाली नाही. एकूण सुट्टी तीन आठवड्यांची. आमच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडलीय. नातवाला त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला. त्या महिनाभर आधीपासून दिवस मोजत होत्या.

आम्ही सगळं ठरवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बायका भेटायला, तिसऱ्या दिवशी शिखर शिंगणापूरला महादेवाचं दर्शन. एक दिवस वाया घालवायचा नाही.

विमान मध्यरात्री मुंबईला उतरलं. मुलगा गाडी घेऊन गेला होता. सकाळी नऊच्या सुमाराला सगळी दारात. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, घरात घेतलं. दुपारी पानं वाढली. नातू पहिला घास तोंडात धरूनच पाटावर कलंडला. नात भिंतीला टेकून झोपली. लेकीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आई, काकी, मला जरा पडू द्या." सकाळी चारला उठून पुरण शिजवलेलं, आमचं तोंड उतरलं.

रात्री दोन वाजता मात्र सगळं घर जागं. नात हसतेय, नातू भांडी वाजवतोय, दोघांना भूक लागलीय, आणि अंगणात कुत्रं भुंकतंय. लेक बिचारी त्यांना दटावतेय, शेंगदाण्याचे लाडू हातावर ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या तर लेक गाढ झोपलेली. आम्ही तिला तीनदा हलवून उठवलं. ती बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. एकजण जाता जाता बोलून गेली, "अमेरिकेची मोठी झाली बाई." ते आम्हाला लागलं. संध्याकाळी आम्ही लेकीला म्हणालो, "चार वर्षांनी आलीस ती काय झोपायला?" ती काही बोलली नाही. मान खाली घालून लेकराचे कपडे घडी करत राहिली.

त्या रात्री नात तीनच्या सुमाराला लघवीला अंगणात गेली आणि दार उघडंच राहिलं. दिवसभर आम्ही झोपू न दिलेल्या लेकीचा नेमका तेव्हाच डोळा लागलेला. आम्ही दिवसभराच्या कामानं मेल्यासारख्या झोपलेलो. जाग आली ती सासूबाईंना. गोठ्यात म्हैस का उठली म्हणून त्या बॅटरी घेऊन बाहेर गेल्या, तर नातू अनवाणी, जनावरांच्या हौदावर वाकून पाण्यात खडे टाकत होता. हौद काठोकाठ भरलेला. पावसाळ्याचे दिवस, इचूकाट्याची भीती ती वेगळीच.

सासूबाईंनी त्याला उचलून पोटाशी धरलं आणि आम्हाला उठवलं. आम्ही घाबरून लेकीकडं धावायला लागलो, तर त्यांनी हात आडवा केला. म्हणाल्या, "तिला उठवू नका. लेकरू रातपाळी करून आलंय."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं आमचे डोळे उघडले. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असते, तेव्हा घरातला माणूस रात्रभर पाणी धरतो. सकाळी येतो तेव्हा त्याचं डोकं जड असतं, जेवण जात नाही, कुणी बोललं की चिडतो. आठवडाभर पाळी चालली की माणूस सोलून निघतो. त्याला आपण कधी आळशी म्हणतो का? उलट म्हणतो, "पोरांनो, गप बसा, बाबा झोपलाय." मग लेकीला आम्ही असं का बोललो?

पुढच्या रात्री आम्ही लेकरांबरोबर जाग्याच बसलो. नातीला विचारलं, "बाळा, आत्ता तुमच्या घरी किती वाजले असतील?" ती म्हणाली, "दुपारचे साडेचार." आपल्याकडं रात्रीचे दोन! तिनं आम्हाला शाळा शिकवली. परसातला गोल भोपळा आणला, एका बाजूला कुंकवाचा ठिपका लावला, हे आपलं गाव. जवळजवळ पाठीमागं दुसरा ठिपका, हे न्यू जर्सी. सासूबाईंच्या हातात बॅटरी दिली, तो सूर्य. भोपळा हळूहळू फिरवला की एक ठिपका उजेडात येतो तेव्हा दुसरा अंधारात जातो.

पृथ्वी २४ तासांत एक फेरा घेते, म्हणजे तासाला १५ अंश. म्हणून जगात सगळीकडं एकच वेळ चालत नाही. आपल्या देशात सगळीकडं एकच घड्याळ चालतं, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवरून. पूर्वी मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागं, आणि ते १९५५ पर्यंत चाललं. म्हणजे वेळ ही माणसानं सोयीसाठी ठरवलेली गोष्ट. पण शरीराला ते कोण सांगणार?

शरीराच्या आत आपलं एक घड्याळ असतं. ते मेंदूत असतं आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर लागतं. उजेड गेला की अंग झोपेची तयारी करतं, उजाडलं की जागं होतं. भूक, शौच, अंगाचा ताप, सगळं त्याच घड्याळावर. पिकल्या फळांवर घोंगावणारी चिलटं असतात ना, त्यांच्यावर अभ्यास करून हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी शोधलं, आणि २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला त्याचा अनुभव गोठ्यातच येतो. धारेची वेळ टळली की म्हैस हंबरते. तिला कुणी मनगटी घड्याळ बांधलेलं नसतं.

विमान १५-१६ तासांत माणसाला भोपळ्याच्या पाठीमागून पुढं आणून ठेवतं. हातातल्या घड्याळाचा काटा लगेच फिरवता येतो, आतलं घड्याळ मात्र रोज थोडं थोडं सरकतं. साधारण हिशेब असा, की जितक्या तासांचा फरक, जवळजवळ तितके दिवस. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. पूर्वेकडं, म्हणजे अमेरिकेकडून आपल्याकडं येताना त्रास जास्त होतो, कारण शरीराला दिवस लांबवणं सोपं जातं, आखडता घेणं अवघड. साडेनऊ तासांचा फरक म्हणजे आठवडा तरी धराच.

आता आम्ही काय केलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, शिंगणापूर पुढं ढकललं. देव कुठं जात नाही.

दुसरी, रात्रीची पाळी लावली. पाणी धरायची असते तशीच. दोनपर्यंत एक जाऊ, दोनच्या पुढं दुसरी. लेकरं जागी झाली की त्यांच्याजवळ आम्ही. लेकीला म्हणालो, तू झोप. दाराला वरची कडी लावली आणि हौदावर फळ्या टाकल्या. हे तर ती यायच्या आधीच करायला हवं होतं.

तिसरी, रात्र ही रात्रीसारखी ठेवली. एक बारका दिवा, टीव्ही बंद, मोबाइल बंद, दंगामस्ती नाही. भूक लागली तर थोडा मऊ भात नाहीतर कोमट दूध, पण ताट मांडून जेवण नाही. हळू आवाजात गोष्ट सांगायची. झोप आली नाही तरी पडून राहायचं.

चौथी, दिवस हा दिवसासारखा. सकाळी उन्हं आली की लेकरं अंगणात. जुलैत आमच्याकडं ढग असतात, पण ढगाळ उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. कोंबड्यांना दाणे टाकायचे, बांधापर्यंत चालत जाऊन यायचं. न्याहारी, जेवण आपल्या वेळेवर, भूक नसली तरी दोन घास. दुपारी झोप आली तर अर्धा-पाऊण तास, तीनच्या आत. मग गोंजारून उठवायचं, ओरडून नाही. लेकीचा दुपारनंतरचा चहा बंद केला. त्यावर ती थोडी कुरकुरली.

आणि एक करू नका. लेकरं झोपावीत म्हणून खोकल्याचं औषध किंवा झोपेची गोळी मनानं देऊ नका. त्यानं लेकराला धोका होऊ शकतो.

पाव्हण्यांना आम्ही सरळ सांगितलं, "पोरीचं शरीर अजून वाटेत आहे, पुढच्या आठवड्यात या." ज्या बाई बोलून गेल्या होत्या, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगोबाई, मला काय ठाऊक." आमचंही तेच झालं होतं ना.

पाचव्या दिवशी नातू रात्री एकदाच उठला. आठव्या दिवशी सकाळी सहाला धार काढताना तो सासूबाईंचा पदर धरून गोठ्यात उभा होता. नंतरचे दिवस आमच्या घरानं जन्मभर लक्षात ठेवावेत असे गेले. दहाव्या दिवशी शिंगणापूरच्या पायऱ्या लेकरं स्वतः चढली. पुन्हा पुरण घातलं. त्या दिवशी लेकीनं तीन पोळ्या खाल्ल्या.

तुमच्यापैकी कुणी लेकीच्या बाळंतपणाला तिकडं जाणार असाल तर हेच सगळं उलट्या बाजूनं. शिवाय औषधांचं बघा. बीपीची, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून तिकडच्या घड्याळाप्रमाणं वेळा कागदावर लिहून घ्या. इथल्या वेळेची एक आणि तिथल्या वेळेची एक अशी दोनदा गोळी घेऊ नका, चुकलेली म्हणून दुप्पटही घेऊ नका. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानात पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला. आणि आणायला जाणाऱ्यांनी ऐका. आमचा मुलगा रात्रभर जागून गाडी चालवत आला, ते चुकलंच. ड्रायव्हर झोप झालेला हवा, नाहीतर मुंबईत मुक्काम करावा. नुकत्याच उतरलेल्या माणसाला तर गाडी देऊच नका. दुबईसारख्या ठिकाणी फरक दीडच तासाचा, तिथं एवढं काही होत नाही.

फोनचाही हिशेब ध्यानात ठेवा. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं असते. आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ एक तास मागं घेतात, की फरक साडेदहा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढं करतात. आमच्या स्वयंपाकघरात आता दोन घड्याळं आहेत. दुसऱ्याखाली नातीनं कुंकवाचा ठिपका लावून ठेवलाय.

जायच्या आदल्या रात्री आम्ही लेकीला म्हणालो, "त्या दिवशी बोललो ते मनात ठेवू नकोस." ती म्हणाली, "काकी, मला वाटलं मी आता या घरात पाव्हणी झाले." हे ऐकून आमचा जीव गलबलला. दोन रात्रींच्या झोपेपायी लेक परकी होत होती.

परत गेल्यावर तिचा फोन आला. लेकरं तिकडं संध्याकाळीच डोळे मिटतात आणि पहाटे तीनला उठून बसतात. आम्ही विचारलं, "मग तुझी झोप?" ती म्हणाली, "हे दोघं जण पाळी करतायत ना, मीही यांना लावलंय कामाला."

आता घरी कुणीही लांबून आलं की आम्ही आधी अंथरूण घालून देतो. बाकीच्या गप्पा मागाहून.

येतो आम्ही. नमस्कार.