सोन्याआधी सरस

युरोपातल्या जुन्या चित्रांच्या सोनेरी चौकटींवर बोलायचे म्हटले की सोन्याबद्दल ऐकायला मिळेल असे वाटते. मी मात्र बराच वेळ सरस, खडू आणि माती यांच्याबद्दल बोलणार आहे. या चौकटी ज्या पद्धतीने घडत, तिला वॉटर गिल्डिंग म्हणतात. ही कला शिकवण्याचा एक जुना क्रम आहे: आधी सरस शिजवणे, मग पांढरा लेप चढवणे आणि घासणे, मग माती, आणि सोने अगदी शेवटी. हा क्रम म्हणजे उस्तादांनी शिकाऊ पोरांना राबवून घेण्याची युक्ती होती, असे पुष्कळदा म्हटले जाते. माझे म्हणणे असे आहे की क्रम त्या पदार्थांच्या स्वभावातूनच आला आहे आणि आजही तो उलटा करता येत नाही. किती वर्षे शिकायचे, हा प्रश्न निराळा. ती वर्षे माणसांनी ठरवली होती आणि ती कमी करता येतात.

आधी काम कसे चालते ते पाहू. लाकडाच्या चौकटीवर प्रथम कातड्यापासून काढलेल्या सरसाचा पातळ हात देतात. त्यावर जेसो, म्हणजे खडूची किंवा जिप्समची बारीक पूड सरसात कालवून केलेला पांढरा लेप, आठ-दहा वेळा चढवतात. तो वाळला की घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करतात आणि कोरीवकामात जिथे लेप साचून नक्षी बोथट झाली असेल तिथे ती हत्याराने पुन्हा कोरून काढतात. त्यावर बोल नावाची तांबडी, पिवळी किंवा काळी अतिशय मऊ माती, तीही सरसातच कालवलेली. मग पाण्यात किंचित सरस आणि मद्यार्क घालून ते पाणी मातीवर सोडतात आणि त्या ओलीवर खारीच्या केसांच्या चपट्या कुंचल्याने वर्ख ठेवतात. माती पाणी ओढून घेते, तिच्यातला सरस ओला होतो आणि वर्ख क्षणात चिकटून बसतो. काही तासांनी तो अकीकाच्या हत्याराने घोटतात, तेव्हा चौकट ओतीव सोन्याची असावी तशी झळकते. आपल्याकडे पोथ्यांचा कागद घोटत असत तो अकीकानेच, म्हणून घोटणे हा शब्द इथे मुद्दाम शोधावा लागत नाही. सोने तेलकट चिकट थरावरही लावता येते, आणि उघड्यावरच्या कामाला तीच रीत योग्य. पण त्या सोन्याला घोटून अशी झळाळी आणता येत नाही.

आता या वर्खाची जाडी लक्षात घ्या. ती मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. एवढे पातळ सोने खालचे काहीही झाकू शकत नाही. लेपात हवेचा बुडबुडा राहून सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले असेल, घासताना एक ओरखडा राहिला असेल, तर घोटल्यावर तो पूर्वीपेक्षा ठळक दिसतो, कारण चकाकणारा पृष्ठभाग प्रत्येक उंचसखलपणा उजेडात आणतो. म्हणजे ज्याला आपण सोन्याचे काम म्हणतो, ते बव्हंशी लेपाचेच काम आहे. लेपाची सगळी मदार सरसावर. सरस फार तापवला तर त्याची पकड जाते. वाळताना तो आकसतो, आणि म्हणूनच वरच्या थरातला सरस खालच्या थरातल्यापेक्षा जोरकस असता कामा नये. तसा झाला तर वरचा थर आकसताना खालच्या दुबळ्या थराला ओढतो आणि लेप तडकतो किंवा पोपडा धरतो.

या कामातल्या चुकांचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते. चूक घडते एका टप्प्यावर आणि दिसते दुसऱ्याच टप्प्यावर. सोमवारी सरस जास्त जोरकस झाला, तर तडा जाईल घोटताना किंवा त्यानंतर काही आठवड्यांनी. सोने उचटले, तर दोष वर्ख ठेवणाऱ्या हाताचा असेल, मातीत सरस कमी पडल्याचा असेल, नाहीतर पाणी अपुरे सोडल्याचा असेल. एकट्याने शिकणारा परिणाम पाहतो, पण त्याला कारणापर्यंत पोचता येत नाही. तो सोने लावण्याचाच सराव वाढवत राहतो. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास या कलेची हस्तपुस्तिका लिहिली. तीत बारीक जेसो निदान आठ हात द्यावा, सरस तयार झाला की नाही हे तळहात एकमेकांना चिकटतात का यावरून ओळखावे, सोने दमट हवेत लावावे, इतके बारकावे आहेत. आणि तोच लेखक बजावतो की माझे पुस्तक रात्रंदिवस वाचलेत, तरी गुरूजवळ काम पाहिल्याशिवाय काही साधणार नाही. ग्रंथकाराने स्वतःच्या ग्रंथाची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगावी, याचे मला मोल वाटते.

यावर पहिला आक्षेप कालावधीचा. चेन्निनी सांगतो ती वर्षे भरतात बारा-तेरा: एक वर्ष रेखाटनाचे, सहा वर्षे रंग दळणे, सरस उकळणे, जेसो आणि सोने यांची, आणि आणखी सहा रंगकामाची. यात स्वस्त मजुरीचा भाग होता, हे मी मान्य करतो. शिवाय त्यात अख्खी चित्रकला होती. नुसत्या गिल्डिंगसाठी एवढा काळ कधीच लागत नव्हता. आज तराजूवर सरस आणि पाणी यांचे प्रमाण नेमके राखता येते, तापमापक आहे, हवेतली आर्द्रता मोजता येते. तळहातांनी जे ओळखायला वर्ष लागे, ते काही दिवसांत समजते. माझी तर सूचना आहे की शिकणाऱ्याकडून मुद्दाम बिघडवलेले नमुने करून घ्यावेत: एका फळीवर वरचा थर जोरकस, दुसरीवर सरस फार तापवलेला, तिसरीवर माती दुबळी. कारण आणि परिणाम शेजारी ठेवून पाहिले की गुरूचे निम्मे काम होते. उरलेले निम्मे मात्र मोजमापात येत नाही. घोटण्याची वेळ फार लवकर धरली तर सोने फाटते, उशिरा धरली तर चमक येत नाही. कारागीर अकीकाने हलकेच टकटक करून आवाज ऐकतो. मंद आवाज म्हणजे ओल आहे, स्वच्छ टणक आवाज म्हणजे वेळ झाली. हा आवाज कुणाच्या तरी शेजारी बसूनच कानात बसतो.

दुसरा आक्षेप अधिक मुळावर येणारा आहे. तयार ॲक्रिलिक लेप मिळतो, साच्यातली नक्षी मिळते, पितळी भुकटीचा सोनेरी रंग मिळतो. मग ही उस्तवार कशासाठी? नवी चौकट हवी असेल तर हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्याला तो रंग पुरतो त्याने तो जरूर वापरावा. पण जुन्या चौकटी शिल्लक आहेत. त्यांच्यातल्या असंख्य चौकटींवर नंतरच्या काळात तीच पितळी भुकटी फासली गेली. तांबे काळवंडून ती तपकिरी पडली, आणि खालचे अस्सल घोटीव सोने झाकले गेले. कुणी ओल्या फडक्याने चौकट पुसली आणि सोन्याखालचा सरस विरघळून तांबडी माती उघडी पडली. ही नासधूस वाईट हेतूने झाली नाही. खाली काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे झाली. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे आहेत, आणि आपला पावसाळा सरसाला फुगवतो तर कोरडा काळ त्याला आकसवतो. एखाद्या जुन्या सोनेरी चौकटीला हात लावण्याआधी तिच्यावरचे सोने पाण्याने बसवलेले आहे की तेलाने, हे ओळखावे लागते. नाहीतर साफ करण्याचे द्रावणच चुकीचे निवडले जाते. ही ओळख वर्ख ठेवण्याच्या एका दिवसाच्या कार्यशाळेत होत नाही. ज्याने स्वतः सरस भिजवला, दहा हात लेप चढवला आणि तो तडकलेला पाहिला, त्यालाच तड्यावरून कळते की दोष लाकडाच्या हालण्याचा आहे की लेपाचा, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची.