कूळ नव्हे, कान

देशोदेशींहून आलेले वादक-विद्यार्थी आणि मिरजकर रसिकहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो.

परदेशी वाद्य शिकणाऱ्याने त्या वाद्यामागची संस्कृतीही अंगीकारलीच पाहिजे का, हा उद्याच्या परिसंवादाचा विषय. उत्तर विद्वज्जन देतील. यजमान म्हणून मी आमच्या गावाची साक्ष तेवढी काढतो.

एकोणिसाव्या शतकात इथले फरीदसाहेब शिकलगार हत्यारांचे काम सोडून तंबोऱ्याकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शिवारातला, हात शिकलगारांचे, आणि त्या तंबोऱ्यावर गायले गेले ख्याल आणि अभंगही. कैरान्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच स्थिरावले. १९३७ साली निधनानंतर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या शिष्यपरंपरेतल्या भीमसेन जोशींनी अभंगांतून घरोघरी विठ्ठल पोहोचवला. या साखळीत कुणी कुणाला आपली श्रद्धा बदलायला लावली नाही.

मग काहीच अट नाही का? आहे, आणि ती कडक आहे : कान हवा. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर पाहा. घोडीवर कानस अलगद फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखालचे सूत केसभर सरकले की मिटलेला आवाज खुलतो. तो फरक ज्याला ऐकू येत नाही, त्याचा जन्म गंगेकाठी झाला काय किंवा ऱ्हाइनकाठी, तंबोरा त्याला सारखाच परका.

उलट बाजूनेही हेच दिसते. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली घेतले. ती वाजवण्यासाठी आपण फ्रेंच झालो नाही. १९४०मध्ये आकाशवाणीवर तिला बंदी झाली. आक्षेपांत तिचे विलायतीपण होते, तसेच तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, निघत नाही हेही होते. विलायतीपण आपण केव्हाच विसरलो. मींडेचा आक्षेप मात्र प्रत्येक पेटीवादकाला आजही बोटांनी खोडून काढावा लागतो. वाद्याचे कूळ विसरले तरी चालते, रागाची शिस्त विसरून चालत नाही.

म्हणून परदेशी मित्रांना सांगतो : कपाळी टिळा लावा किंवा लावू नका, पण सतार घेतलीत तर रागाचे चलन शिका, गुरूसमोर बसा, आणि ती घडवणाऱ्याचे नाव विचारा. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हातांनी ते मिळवले, ते सतारमेकर गल्लीत आजही काम करताहेत. दुपारच्या सत्रानंतर तिकडे अवश्य जा.