मूठ सोडली की गाडी फटाके का मारते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरीच्या परिसरात पहाटे दुधाच्या किटल्या बांधून निघालेल्या मोटारसायकली तुम्ही रोज पाहता. यातल्या बऱ्याच गाड्या १ एप्रिल २०२० च्या आधीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या आहेत. त्या तारखेपासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन बसले. पण जुन्या गाड्या अजून चांगल्या चालतात आणि अनेक घरांचा प्रपंच त्यांच्यावर चालतो. या गाड्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. वेगात असताना मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येतो. हे असे का होते?

मूठ सोडली की कार्बोरेटरचा मुख्य मार्ग जवळपास बंद होतो. पेट्रोल तेवढे स्लो जेटच्या बारीक छिद्रातून येते. चाके मात्र इंजिनाला फिरवत राहतात. सिलिंडरमध्ये जोराची ओढ तयार होते, आत येणारे मिश्रण थोडे असते आणि जुना धूरही त्यात मिसळतो. अशा वेळी मिश्रणात पेट्रोल कमी पडले, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ते 'लीन' झाले, तर ठिणगी पडूनही ते पेटत नाही. न जळलेले मिश्रण तसेच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथे हवा मिळाली की पेटते. तोच तो फटाका. एखाद्या वेळचा आवाज फारसा काही बिघडवत नाही. रोजचा आवाज मात्र काहीतरी सांगत असतो.

आता आपल्याकडची सवय पाहा. गाडीचे ॲव्हरेज कमी झाले की पहिला हात मिश्रणाच्या स्क्रूवर जातो. पीयूसीची तपासणी गाडी स्लोवर ठेवून होते, म्हणून त्या वेळीही कधी कधी तोच स्क्रू पिळला जातो. पण हा स्क्रू मुख्यतः स्लोचे मिश्रण ठरवतो. रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना पेट्रोल सुई आणि मेन जेट यांच्या मार्गाने जाते. म्हणजे स्क्रू पिळून ॲव्हरेज फारसे वाढत नाही. फटाके मात्र वाढतात, गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि सिग्नलला बंद पडते.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी गळती शोधा. इंजिनातून सायलेन्सरचा पाइप निघतो, तिथल्या गास्केटजवळ काळे डाग दिसतात का ते पाहा. तिथून फुसफुस ऐकू येत असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि तीच फटाक्याचे कारण असू शकते. गास्केट स्वस्त असते, ते बदला. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तपासा. त्याला भेग गेली असेल तर हवा जास्त जाते आणि मिश्रण लीन होते. गाडी स्लोवर ठेवून जोडावर साबणाचे पाणी शिंपडा. इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापल्या इंजिनावर ते कधीही करू नये.

यानंतर एअर फिल्टर. उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ त्यात बसते, म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. त्याने मिश्रण बिघडते आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. स्लो जेट तुंबला असेल तर तो कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा, तार घालू नका. छिद्र केसाएवढे जरी मोठे झाले तरी मिश्रण बदलते. टॅपेटचे अंतर आणि प्लगही पाहून घ्या.

एवढे झाले की स्क्रू. गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करा. स्क्रू अलगद बंद करून किती फेरे बसले ते मोजून ठेवा आणि तेवढाच परत उघडा. मग पाव-पाव फेरा करत जा. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू उघडला की बहुधा पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूचा असेल तर उलट, तो बंद केला की मिश्रण दाट होते. इंजिन जिथे सर्वांत सुरळीत आणि वेगाने फिरते तिथे थांबा आणि स्लोचा वेग माहितीपुस्तकात दिल्याप्रमाणे लावा.

एक गोष्ट नव्याने लक्षात ठेवायची आहे, ती इथेनॉलची. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर कारखान्यांच्या मळीतून आणि उसाच्या रसातून निघणारे इथेनॉल आज आपल्याच टाकीत येते. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा भागच पुरते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरचे छिद्र तेवढेच राहते, म्हणून जुन्या गाडीचे मिश्रण थोडे लीन होते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले जुने पेट्रोल काढून टाका आणि रबरी नळ्या व ओ-रिंग पाहा.

तेव्हा मेकॅनिककडे जाल तेव्हा 'ॲव्हरेज वाढवून द्या' एवढेच म्हणू नका. फटाका केव्हा होतो ते सांगा. मूठ सोडल्यावर होतो की वेग वाढवताना? गाडी थंड असताना की गरम झाल्यावर? नेमकी तक्रार सांगितली तर निम्मी दुरुस्ती तिथेच झाली म्हणायची.