आवाजाची सोबत
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत पालम येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची, तपासण्यांची आणि खर्चाची माहिती आपण वाचालच. आज आम्ही ज्या कामाविषयी बोलणार आहोत, त्याला या अहवालात जेमतेम एक ओळ मिळते. ते काम म्हणजे वीस मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण. येथे शिकलेला योगाभ्यास रुग्णाच्या घरी टिकावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

अडचण कोठे आली, ते आधी सांगतो. रक्तदाब, मधुमेह, कंबरदुखी किंवा अनिद्रेचा रुग्ण आमच्याकडे काही दिवस येतो, चार सोपी आसने, दीर्घ श्वसन आणि शवासन शिकतो व गावी परततो. महिन्याने पुन्हा आला की आम्ही विचारतो, "मावशी, घरी करता ना?" उत्तर येते, "करती की, पण काय आधी अन् काय मागून, ध्यानात राहत न्हाई." करून दाखवा म्हटले की श्वास घेण्याच्या जागी सोडला जातो आणि शवासन तर गळूनच गेलेले असते. हा आळस नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे घर सोडणाऱ्या आणि दिवे लागणीला परतणाऱ्या बाईला क्रम आठवत बसायला उसंत नसते.

सुरुवातीला आम्ही छापील तक्ते दिले. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते भिंतीवरचे चित्र ठरले. ज्यांना वाचता येत होते, त्यांचीही पंचाईत झाली. कारण डोळे मिटून पडलेल्या माणसाने कागद पाहण्यासाठी मान उचलली की शवासन तेथेच संपते. डोळे मिटलेले आणि हात मोकळे असताना मार्गदर्शन पोहोचण्याची एकच वाट उरते, ती कानाची.

ही वाट आपल्या भागाला नवी नाही. शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जात्यावर बसलेल्या बाईच्या हाताला, पाठीला आणि श्वासाला ओवीची लय सांभाळून घेत असे, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. श्रमाला स्वराची सोबत मिळाली की शरीर आपोआप ठेक्यात येते. आम्ही केले ते एवढेच, की तीच सोबत विश्रांतीला दिली.

योगाला दवाखान्यात आणण्याचे कामही महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत योग संस्था स्थापन केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभारून आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. औषध न घेणाऱ्या गटाचा सरासरी दाब उतरला, आणि औषधावर असलेल्यांपैकी अनेकांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. लाभ सर्वांना सारखा झाला नाही, आणि आजच्या मापाने तो अभ्यास लहानच म्हणावा लागेल. परंतु नियमित सरावाशिवाय फळ नाही, ही त्यातील शिकवण आजही खरी आहे. प्रश्न असतो तो या नियमिततेचाच.

यंत्राच्या स्वराने श्वासाला वळण लावण्याचे प्रयत्न परदेशांतही झाले. इस्रायलमध्ये बनलेल्या 'रेस्परेट' नावाच्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली. छातीवर पट्टा आणि कानाला हेडफोन लावले की त्यातील सूर हळूहळू लांबत जातात आणि श्वास मिनिटाला दहाच्या खाली आणण्यास मदत करतात. पुढे त्याच्या परिणामाविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. २१ जून २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आयुष मंत्रालयाच्या सहकार्याने मोबाइलसाठी 'एम-योग' ही सुविधा आणली. तिचाही मार्ग हाच, की शिक्षक घरी येऊ शकत नसेल तर त्याचा आवाज यावा.

आता आमच्या चुका. पहिले ध्वनिमुद्रण आम्ही मोठ्या हौसेने केले. भाषा ग्रंथातली घेतली, पार्श्वभूमीला बासरी घातली आणि वेळ ठेवला चाळीस मिनिटांचा. 'पूरक' आणि 'रेचक' हे शब्द अनेकांना उमगले नाहीत. रेचक म्हणजे जुलाबाचे औषध, असे समजून एका आजोबांनी पुढे ऐकलेच नाही. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना बासरीमुळे शब्द कळेनात. सूचना इतक्या भरभर होत्या, की गुडघेदुखीचा रुग्ण एक पाय सरळ करेपर्यंत आवाज पुढच्या आसनावर पोहोचलेला असे. सांगितलेल्या आकड्याप्रमाणे श्वास रोखताना दम्याचा रुग्ण घाबराघुबरा होई. दोष रुग्णांचा नव्हता, आमचा होता.

म्हणून सारे नव्याने केले. संगीत काढून टाकले. 'उजवा हात' म्हटल्यावर गोंधळ होत असे, तेथे 'जेवता हात' म्हटले. 'श्वास आत येऊ द्या, पोट वर येऊ द्या. श्वास सोडा, पोट खाली जाऊ द्या' एवढेच शब्द ठेवले. आकडे वगळले आणि 'आपल्या गतीने' हा शब्द वारंवार घातला. प्रत्येक सूचनेनंतर पुरेशी शांतता सोडली. ध्वनिफितीतील ही रिकामी जागाच सर्वांत उपयोगी ठरली, असे आज आम्ही अनुभवाने म्हणतो, कारण आवाज थांबतो तेव्हाच अभ्यास होतो. शवासनातून उठतानाची सूचनाही सविस्तर दिली: आधी बोटे हलवावीत, मग कुशीवर वळावे, हाताचा आधार घेऊन बसावे आणि थोडे थांबून उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस झटकन उठला तर त्याला भोवळ येऊ शकते.

याहून गंभीर एक प्रसंग आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. एका गृहस्थांना रोजच्या अभ्यासाने इतके बरे वाटू लागले, की त्यांनी आपणहून गोळ्या बंद केल्या. डोके दुखत नव्हते, झोप लागत होती. मग औषध कशाला, असा त्यांचा हिशेब. ते तपासणीला आले तेव्हा दाब धोक्याच्या पातळीवर पोहोचलेला होता. सुदैवाने वेळीच लक्षात आले. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही जाणवत नाही, ही गोष्ट आम्ही त्यांना पुरेशी समजावली नव्हती. त्या दिवसापासून ध्वनिमुद्रणाचे पहिले आणि शेवटचे वाक्य एकच आहे: 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.' ते ऐकून कंटाळा येतो, अशी तक्रार येते. ती तक्रार आम्ही आनंदाने स्वीकारतो.

आवाजाला डोळे नसतात. रुग्णाची मान वाकडी झाली, चेहरा लाल झाला, श्वास कोंडला, तरी तो आपला पुढे बोलतच राहतो. म्हणून शिक्षकासमोर शिकल्याखेरीज ध्वनिमुद्रण आम्ही कोणालाही देत नाही, आणि दिल्यावरही ठरावीक काळाने अभ्यास समोर करून दाखवण्यास सांगतो. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि गर्भवती भगिनींनी कपालभाती किंवा श्वास रोखणे आपल्या मनाने करू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी अभ्यासाला बसू नये. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना तर ही फीत मुळीच लावू नये, कारण तिचे कामच शरीर सैल करण्याचे आहे.

पूर्वी हे सारे कॅसेटवर द्यावे लागे. आज ते मोबाइलमध्ये मावते, आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्कचीही गरज उरत नाही. याचा खरा उपयोग आम्हांला ऊसतोडीच्या हंगामात दिसला. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन दूरच्या कारखान्यावर गेलेले कुटुंब कित्येक महिने परतत नाही. तेथे ना आमचा शिक्षक पोहोचतो, ना तपासणीची तारीख पाळता येते. अशा एका भगिनीने परतल्यावर सांगितले, "कोपीत निजताना तुमचा आवाज लावायची. गाव जवळ वाटायचं." कंबर किती सुधारली, हे आम्ही त्यानंतर विचारले.

आप्तजनहो, आपणांस एक विनंती आहे. घरात मोबाइल बहुधा मुलाच्या किंवा नातवाच्या हाती असतो. दिवसातून वीस मिनिटे तो आईला, आजीला द्या. तेवढा वेळ दूरदर्शन बंद ठेवा, दार लोटून घ्या आणि तिला कामासाठी हाक मारू नका. ही वीस मिनिटे घराने दिली नाहीत, तर आमचे ध्वनिमुद्रण व्यर्थ आहे.

देणगीदारांनो, आपल्या दानातून खाटा आल्या, यंत्रे आली. त्यांवर नावे कोरता येतात. आवाजावर नाव कोरता येत नाही. तरीही शिक्षकाचे मानधन आणि गावोगावच्या फेरतपासणीचा प्रवासखर्च आपण उचललात, तर तो आवाज एकटा पडणार नाही. ध्वनिमुद्रण एकदाच करावे लागते. त्यामागचा माणूस मात्र रोज लागतो.