व्हॅक्सिन : शब्दाच्या पोटातली गाय



अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की आशाताई हाक मारतात, नर्सबाई येतात आणि त्यांच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द सारखा येतो : व्हॅक्सिन. आज आम्ही गटातल्या बायका याच शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. कारण या शब्दात एक गाय आहे, आणि तिची धार काढणारी बाईही आहे.

युरोपातल्या लॅटिन या जुन्या भाषेत गाईला ‘वाक्का’ म्हणत. त्यावरून व्हॅक्सिन म्हणजे ‘गाईचं’. मग गाईचा आणि सुईचा संबंध आला कुठून?

अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात देवीच्या रोगाची मोठी दहशत होती. माणसं मरत. जी वाचत, त्यांच्या तोंडावर व्रण राहत, कुणाचे डोळे जात. पण गोठ्यात धार काढणाऱ्या बायांना एक गोष्ट ठाऊक होती. कधीकधी गाईच्या सडांवर फोड येत आणि ते धार काढणारीच्या हातावर उठत. थोडे दिवस त्रास होई, मग बरं वाटे. आणि त्या बाईला पुढे देवी येत नसत.

बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याकडे अशा दोन मुली कामाला होत्या. त्यांनी देवी आलेल्या नातलगांची सेवा केली, तरी त्यांना काही झालं नाही. ते पाहून १७७४ च्या साथीत जेस्टीने गाईच्या फोडातलं पाणी आपल्या बायकोला आणि दोन मुलांना टोचलं. बायकोचा हात फार सुजला, पण ती बरी झाली. तिघेही देवीतून वाचले. लोकांनी मात्र जेस्टीला नावं ठेवली.

पुढे १७९६ साली डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी हेच तपासून पाहिलं. धार काढणाऱ्या सारा नेल्म्सच्या हातावरच्या फोडातलं पाणी त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचलं. काही आठवड्यांनी त्याला मुद्दाम देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत. लेकरावर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १७९८ साली जेन्नर यांनी पुस्तक लिहिलं. त्यात या रोगाला लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ ‘गाईच्या देवी’. त्यातूनच व्हॅक्सिन शब्द आला.

गाईचं नाव ऐकून लोक घाबरले. १८०२ साली लंडनमध्ये एक व्यंगचित्र निघालं. त्यात लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडताना दाखवल्या होत्या! लशीबद्दलच्या अफवा आजच्या नाहीत, बघा. त्याच साली १४ जूनला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. हिंदुस्थानात ही लस लागू पडलेली ती पहिली.

तोवर या शब्दाचा अर्थ फक्त देवीची लस एवढाच होता. १८८१ साली फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या आणि मेंढरांच्या रोगांवर लसी काढल्या होत्या. त्या वेळी ते म्हणाले, जेन्नर यांच्या मानाखातर सगळ्याच लसींना हा शब्द वापरू या. तेव्हापासून पोलिओ असो की गोवर, सगळ्यांचं व्हॅक्सिन. गाय नावापुरती उरली.

आपल्या मराठीतही असंच झालं. जखमेतून पाझरतं ते पाणी म्हणजे लस. तोच शब्द आता औषधाचा झाला. आपल्या आज्या टोचून घेण्याला ‘देवी काढणं’ म्हणत. पण ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, तसे ते शब्दही बोलण्यातून गेले. आज कितीतरी सुनांना त्याचा अर्थ सांगावा लागतो. हे शब्द विसरले गेले, याचा आम्हाला आनंदच आहे.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा आपल्या गाईबैलांना जी लस टोचली, ती मुळात शेळ्यांच्या देवीची होती. एका जनावराच्या रोगाने दुसऱ्याला वाचवायचं, हे गोठ्यातलंच जुनं ज्ञान.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन गोष्टी करू या. लशीबद्दल मनात शंका आली तर ती दाबून ठेवू नका आणि तिच्यापायी बाळाला घरीही ठेवू नका. नर्सबाईंना विचारा. आणि लेकरांत, जनावरांत काही वेगळं दिसलं तर ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना सांगा, तपासून घ्या. धार काढणाऱ्या त्या बायांना जे कळलं होतं, त्यावर पुढे डॉक्टरांनी पुस्तक लिहिलं.